तंजावरचं खळं आणि गाडीचं शेपूट

तंजावरला लोक देऊळ बघायला जातात. मीही बघितलं. फार मोठं आहे, आणि त्याबद्दल माझ्यापेक्षा शहाण्या माणसांनी भरपूर लिहून ठेवलंय, तेव्हा ते सोडून देते. मी तिथे गेले होते भांडायला. निदान पुण्याहून निघताना तरी मनात तेच होतं.

मी एका मराठी मोटार-मासिकात गाड्या चालवून त्यांच्याबद्दल लिहिते. मूळची कोल्हापूरची. कोणी चूक काढली की आधी अंगावर जायचं आणि मग विचार करायचा, हा आमच्या घरचा रिवाज. गेल्या हिवाळ्यात मी एका पिवळ्या स्पोर्ट्स कारबद्दल लिहिलं होतं. दोनच माणसांची गाडी, इंजिन सीटच्या लगेच पाठीमागे, सगळी ताकद मागच्या चाकांना. असल्या गाडीबद्दल वाचकाला खरं म्हणजे एकच गोष्ट हवी असते. वळणावर टायरची पकड संपते, त्या क्षणी ही बया काय करते? मी लिहिलं होतं, 'शेपूट हळुवार बाहेर येतं आणि हळुवार परत जातं.'

महिन्याभरात तंजावरहून पत्र आलं, तमिळ लिपीत. आमच्याकडे पानं लावणाऱ्या तमिळ सहकाऱ्याला संपादकांनी ते वाचायला दिलं. तो मोठ्याने दोन ओळी वाचून थांबला आणि म्हणाला, मला यातलं काहीच कळत नाही. आम्हाला मात्र सगळं कळत होतं. पत्र मराठीत होतं, फक्त अक्षरं तमिळ. लिहिणारे गृहस्थ तंजावरचेच, कित्येक पिढ्यांपासूनचे मराठी. लहानपणी संस्कृत शिकल्यामुळे देवनागरी वाचता येते, पण लिहायचा हात नाही, असं त्यांनीच कळवलं होतं. नोकरीची तीस वर्षं त्यांनी एका टायर कंपनीत गाड्या घसरवून बघण्यात घालवली होती. शेवटी एक वाक्य होतं, 'बाई, ही गाडी असें करीत नाहीं. तुम्हीं गाडीचें वर्णन केलें नाहीं, तिच्या कंप्युटराचें केलें.'

मी भडकले. भडकले, कारण ते खरं होतं.

हल्लीच्या वेगवान गाड्यांत एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी बसलेला असतो. चाक घसरायला लागलं की तो आपल्याला न विचारता एखाद्या चाकाचा ब्रेक दाबतो, इंजिनाची ताकद कमी करतो आणि गाडी सावरतो. घरी सुखरूप पोचायला तो फार चांगला. पण गाडीचा मूळ स्वभाव बघायचा तर बटण दाबून त्याला झोपवावं लागतं. मी झोपवलं नव्हतं, आणि झोपवल्यासारखं लिहून मोकळी झाले होते.

त्याला कारण होतं, पण ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. तो लेख लिहायच्या काही महिने आधी एका ट्रॅकवर, जोरदार वळणात, माझी गाडी डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटी फिरली आणि मागच्या बाजूने टायरांच्या भिंतीवर आदळली. मला खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून गाडीचं मागचं अंग जरा हललं, की माझा उजवा पाय अॅक्सिलरेटरवरून आपोआप उचलला जायचा. मला न विचारता. आणि आता संपादकांनी पुढच्या अंकासाठी पाच वेगवान गाड्यांची तुलना ठरवली होती, तीही पकड संपते तिथवर चालवून. मी मनाशी ठरवलं की तंजावरला जायचं, या म्हाताऱ्याशी समोरासमोर बोलायचं, आणि तिथे पाय जागेवर राहिला नाही तर परत येऊन संपादकांना सांगायचं, हे काम आता दुसऱ्याला द्या. संपादकांना मी एवढंच सांगितलं की लांबच्या वाचकाला भेटून लेख करते. त्यांनी तीच पिवळी गाडी आठवडाभर दिली.

तंजावर

वाटेतल्या गतिरोधकांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर. प्रत्येक उंचवट्यावर मी तिरकी होऊन गोगलगाईसारखी चढत होते, आणि शेजारून मोपेडवर नारळाचे घोस घेतलेले लोक मला मागे टाकून जात होते.

पत्र लिहिणाऱ्या राघवेंद्ररावांचं घर जुन्या पेठेमागच्या एका शांत गल्लीत आहे. वय बहात्तर, शिडशिडीत, अंगात पांढरा शर्ट, खाली धोतर, मनगटावर जाडजूड घड्याळ. दारात उभे राहून त्यांनी आधी गाडीचे टायर बघितले, मग मला. मी सगळं भांडण पाठ करून आले होते. त्यांनी एकच विचारलं, "तें बटण दाबलें होतें कीं नाहीं?"

मी नाही म्हटलं. भांडण तिथेच संपलं, कॉफी यायच्या आधीच.

त्यांच्या पत्नी अंबुजाकाकू. गल्लीत सगळे त्यांना मामी म्हणतात, पण कोल्हापूरकर माणसाच्या तोंडून काकूच येणार, आणि त्यांना त्याचं फार कौतुक वाटलं. त्यांची मराठी ऐकताना गंमत वाटते. शब्द आपल्या पणजीच्या वेळचे आणि चाल तमिळ. वाक्य शेवटाकडे असं वर जातं की मला पहिला दिवसभर वाटत होतं, या सारखं काहीतरी विचारतायत. त्यांनी जेवायला रसवांगी केली होती. आपल्या भरल्या वांग्याची लांबची बहीण म्हणा, पण चिंच, डाळ आणि ओल्या खोबऱ्यात इतकी मुरलेली की मी वाटीतलं संपवून पातेल्याकडे बघायला लागले. सोबत डांगर पचडी, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. तिखट कमी वाटतंय का, असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे हे आजारी माणसाला देतात, असं मी म्हणाले नाही. तेवढी अक्कल मला आहे.

जेवताना राघवेंद्ररावांनी बेत सांगितला. ओरत्तनाडूच्या वाटेवर त्यांच्या मेहुण्यांची भाताची गिरणी आहे. भात उकडायचा तिचा बॉयलर तपासणीसाठी चार दिवस बंद, म्हणून भात वाळवायचं मोठं खळं मोकळं. पकड किती वेगाला संपते हे कोणत्याही गाडीत जमिनीवर अवलंबून असतं. जमीन गुळगुळीत असली तर जे ट्रॅकवर शंभराच्या वेगाला घडतं तेच तीसला घडतं, आणि तीसला माणूस मरत नाही.

ओरत्तनाडूची वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी चालवत होते, राघवेंद्रराव शेजारी. मार्च अर्धा उलटला होता. कालवे कोरडे पडले होते आणि भात काढून झालेल्या शेतांत उडदाची काढणी चालू होती. एका वळणानंतर आमच्या बाजूचा अर्धा रस्ता अचानक हिरवट तपकिरी दिसला. उडदाचे वेल शेंगांसकट डांबरावर पसरून ठेवलेले, कडेला दगडांची रांग.

आपल्याकडे पायाला चुकून भाकरीचा तुकडा लागला तरी आपण तो डोळ्यांना लावतो. मी धान्यावर चाक कशी घालणार? उरलेल्या अर्ध्यातून समोरून बस येत होती. वेलांच्या अलीकडेच मी ब्रेक दाबला, स्टिअरिंग डावीकडे ओढलं, आणि डावी दोन्ही चाकं कालव्याच्या मऊ उतारावर. गाडी तिरकी होऊन थांबली. कालव्याला पाणी नव्हतं, हे नशीब.

शेतातून चार-पाच माणसं धावत आली आणि मला वाटलं, आता मदत होणार. मदत झाली, पण आधी बोलणी बसली. राघवेंद्ररावांनी भाषांतर केलं. हे वेल रस्त्यावर कशासाठी पसरलेत? गाड्या वरून जाव्यात, शेंगा फुटाव्यात आणि दाणे मोकळे व्हावेत म्हणून. येणारा-जाणारा प्रत्येकजण थोडी मळणी करून देतो. आणि ही बाई एवढी महागाची गाडी घेऊन बाजूने जाते, म्हणजे काय समजायचं? मी आमच्याकडची रीत सांगितली. ती त्यांना पटली नाही. पण त्यांनी हसत हसत गाडी हातांनी ढकलून वर काढली, आणि परतफेड म्हणून मी उडदावरून हळूहळू दोनदा गेले. त्यानंतर राघवेंद्ररावांनी गाडी लगेच थांबवायला लावली, धोतर खोचून ते खाली वाकले आणि पोटाला अडकलेले वेल काठीने ओढून काढले. इतक्या बुटक्या गाडीखाली तापलेल्या नळ्यांना वाळलेला पाला लागला, तर पेटायला वेळ लागत नाही. आमची दोघांची रीत थोडी थोडी बरोबर होती, असं म्हणून मी समाधान करून घेतलं.

राघवेंद्रराव मात्र गाडीत बसल्यावर म्हणाले की उडदाचं राहू द्या, मी बस दिसल्यावर कुठे बघत होते ते सांगा. मी आठवून बघितलं. कालव्याकडे बघत होते.

खळं

तमिळमध्ये त्याला कळम म्हणतात. आपलं खळंच, पण आपलं शेणाने सारवलेलं, चार बैल फिरतील एवढं, आणि हे दीड एकराचं सिमेंटचं मैदान. कितीतरी वर्षं त्यावर ओलं, उकडलेलं भात पसरलं गेलं, ओढलं गेलं, माणसांचे अनवाणी पाय फिरले. घासून घासून ते इतकं गुळगुळीत झालंय की उन्हात त्याच्याकडे बघवत नाही.

खळ्याची मुकादम सेल्वी. पन्नाशीची, काळीसावळी, आवाज असा की गिरणी चालू असतानाही ऐकू यावा. तिने आम्हाला फाटकातच अडवलं. हे अन्न वाळवायचं ठिकाण आहे, रस्त्यावरची घाण घेऊन आत येऊ देणार नाही, असं तिचं म्हणणं. मी बूट काढले. तेवढ्यावर भागलं नाही. गाडीचेही पाय धुवा म्हणाली. मग बादली आणि काथ्याचा ब्रश घेऊन मी चारही टायर घासून धुतले आणि खाली तेलाचा थेंब पडत नाही हे तिने जमिनीला गाल लावून स्वतः बघितलं. पुण्यातल्या कोणत्याही सर्व्हिस सेंटरला मी इतकं बारीक तपासताना बघितलेलं नाही.

राघवेंद्ररावांनी तुसाच्या काळ्या राखेने चाळीस मीटर रुंदीचं वर्तुळ आखलं. सेल्वीने नळी लावून खळं भिजवलं. मी बटण दाबून पहारेकऱ्याला झोपवलं आणि वर्तुळावर फिरायला लागले. वीसला काहीच नाही. पंचविसाला स्टिअरिंग जड. तिसाच्या आसपास स्टिअरिंग एकदम हलकं झालं, जणू कोणीतरी दोरी कापली, आणि गाडीचं नाक वर्तुळाबाहेर जायला लागलं. पुढच्या चाकांची पकड संपली होती. मी घाबरले, पाय काढला, आणि पुढच्या क्षणी सगळी गिरणी माझ्या डोळ्यांसमोरून डावीकडून उजवीकडे गेली. गाडी उलट्या तोंडाने थांबली. पाण्याचा फवारा काचेवर. कशालाही धक्का नाही.

राघवेंद्ररावांच्या कंपनीत एक शिस्त होती. गाडीतून उतरण्यापूर्वी, दार उघडण्याआधी, चालवणाऱ्याने एका वाक्यात सांगायचं, काय झालं. वाक्य चुकलं तर उतरायचं नाही, पुन्हा फेरी मारायची. त्यांनी मला वाक्य विचारलं. मी म्हणाले, गाडीने दगा दिला.

"गाडी दगा देत नाहीं," ते म्हणाले. "पाय कोणीं काढला?"

आमच्या वडिलांनी मला घाटात गाडी शिकवली. भीती वाटली की पाय काढ, हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि त्यांच्या गाडीपुरतं ते बरोबर होतं. इंजिन नाकात, ताकद पुढच्या चाकांना. पाय काढला की वजन पुढे येतं, पुढची चाकं रस्ता धरतात आणि नाक निमूट आत वळतं. या पिवळीचं इंजिन मागे. वळणात पाय काढला की वजन मागच्या चाकांवरून उठतं, आणि नेमक्या त्याच चाकांना तेव्हा पकड हवी असते. ती सुटतात. शिवाय सगळा भार मधोमध असल्यामुळे ही गाडी एकदा फिरायला लागली की सावकाश फिरतच नाही. मला हे सगळं माहीत होतं. कितीतरी लेखांत मी ते लिहिलंही होतं. पायाला वाचता येत नाही, एवढीच अडचण.

जेवणापर्यंत मी अकरा वेळा गरगर फिरले. अकराही वेळा पाय उचलला होता. सेल्वीच्या हाताखालच्या बायका सावलीत बसून आधी हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. तेव्हा मला जास्त वाईट वाटलं. मी फाटकाबाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि परत जाऊन संपादकांना काय सांगायचं, त्याची जुळवाजुळव करायला लागले.

सेल्वीची रांग

शेजारच्या लहान खळ्यावर बॉयलर बंद व्हायच्या आधी उकडलेली भाताची शेवटची खेप वाळत होती. तिथल्या भाताला दर अर्ध्या तासाने पालटायचं असतं, आणि ते काम बायका पायांनी करतात. रांगेत उभं राहून सगळ्या अनवाणी पायांनी भात लोटत पुढे जातात, मागे नांगरल्यासारख्या सऱ्या पडतात. दुपारी मी तोंड पाडून बसलेली बघून सेल्वीने मला हाताला धरून रांगेत उभं केलं. मला वाटलं, बाईची करमणूक करतायत.

पहिल्या दहा पावलांत तिने मला चार वेळा थांबवलं आणि हातवाऱ्यांनी समजावलं. पाय उचलायचा नाही. उचललेला पाय खाली येतो तेव्हा दाण्यावर पडतो आणि दाणा चिरडतो. पाय भाताच्या आत ठेवायचा, भात सरकलं तर त्याच्याबरोबर सरकायचं, तोल गेलासा वाटला तरी वर घ्यायचा नाही, जास्त दाबायचाही नाही. ऐकायला सोपं आहे. खालचं सिमेंट गुळगुळीत, वरचं भात ओलसर, आणि प्रत्येक पावलाला पाय निसटतो. निसटला की माणूस पाय उचलतो. मी उचलत होते. सेल्वी प्रत्येक वेळी माझ्या गुडघ्यावर हलकेच चापट मारत होती.

मी तासभर ते केलं. पोटऱ्या भरून आल्या, टाचा भाजल्या. शेवटच्या दोन फेऱ्यांत मला एकदम कळलं की पाय निसटतोय आणि मी काहीच करत नाहीये. तो थोडा पुढे जातो आणि आपणहून थांबतो. सेल्वीने चापट मारली नाही. सरि, म्हणजे ठीक, एवढंच म्हणाली, आणि पुढे गेली.

तशीच, अनवाणी, मी गाडीत बसले. राघवेंद्ररावांना मी काही सांगितलं नाही. तीसला नाक बाहेर जायला लागलं, मी जरा जास्त ताकद दिली, आणि मागचं अंग सुटलं. अख्ख्या अंगाला ते कळलं, पाठीतून, बसण्यातून. पाय तिथेच होता. मी स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवलं. गाडी तिरकी, मी खिडकीतून पुढे बघतेय, आणि ती तशीच तिरकी चाललीये. एक सेकंद, दोन. मग पकड परत आली आणि माझं उलटं फिरवलेलं स्टिअरिंग तसंच राहिल्यामुळे गाडी फटकन दुसऱ्या बाजूला झेपावली आणि पुन्हा गरगर.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत होते. पहिल्यांदाच.

"ही नवी चूक," ते म्हणाले. "जुनी गेली."

मला रडू फुटलं. बाराव्यांदा गोल फिरल्यावर आनंदाने रडणारी बाई तंजावर जिल्ह्यात त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी. बाहेर सेल्वीच्या बायकांनी काय समजायचं ते समजून टाळ्या वाजवल्या.

तिरुवैयारु

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खळ्यावर येऊ दिलं नाही. हातांना आणि मानेला एक दिवस द्या म्हणाले. अंबुजाकाकूंना तिरुवैयारूला देवाला जायचंच होतं, मी त्यांना घेऊन गेले. पिवळ्या गाडीत चढता येतं, उतरताना मात्र माणसाचं सगळं वय बाहेर येतं. काकूंना बाहेर काढायला मी आणि एक फुलवाली लागलो.

कावेरी कोरडी होती. एवढ्या नावाची नदी आणि पात्रभर वाळू, मध्ये कुठे तरी पाण्याचा डोळा. एका घरातून पाच-सहा मुली गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, शिकवणारी बाई मध्येच थांबवत होती, आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या. मला त्यांच्याविषयी फार आपलेपणा वाटला. तिथे अशोका नावाचा मूगडाळीचा हलवा मिळतो, केशरी, तुपात थबथबलेला, पानावर गरमागरम. तो खाऊन माणूस खरं बोलायला लागत असावा, कारण घाटाच्या पायरीवर बसून मी काकूंना सगळं सांगून टाकलं. ट्रॅकवरचा अपघात, पाय, खोटं वाक्य.

काकूंनी बोटं पुसली. मग त्यांनी सांगितलं की नोकरीच्या मधल्या काळात राघवेंद्ररावांची गाडी चाचणीत उलटली होती. त्यानंतर ते वर्षभर स्टिअरिंगला शिवले नाहीत. रोज बसने जायचे, दुसऱ्याच्या शेजारी बसून वही भरायचे आणि बसने परत. घरी येऊन कोणाशी बोलायचे नाहीत. हे ते मला कधी सांगणार नाहीत, म्हणून त्या सांगत होत्या. मग भीती कशी गेली, मी विचारलं.

"गेली कोठें?" काकू म्हणाल्या. "ती जाईल म्हणून बसले असते तर अजून बसमध्येंच असते."

परत येताना त्यांनी मला गाडी जरा पळवायला सांगितलं. मी रिकाम्या रस्त्यावर थोडी पळवली. त्यांनी पदर घट्ट धरला आणि आणखी थोडी म्हणाल्या.

शेवटची सकाळ

चौथ्या दिवशी दुपारी बॉयलर पेटणार होता. आम्ही उजाडल्या उजाडल्या खळ्यावर पोचलो. कोणी न सांगता मी टायर धुतले. काकूही आल्या होत्या, सेल्वीशेजारी बसल्या.

राघवेंद्ररावांनी या वेळी अर्धंच खळं भिजवायला सांगितलं. वर्तुळाचा अर्धा भाग ओला, अर्धा कोरडा. ओल्यावर तीसला सुटणारी गाडी कोरड्यावर पंचेचाळीसपर्यंत धरून राहते. म्हणजे प्रत्येक फेरीत एकदा पकड जाणार आणि एकदा एकदम परत येणार, आणि परत येण्याच्या क्षणी स्टिअरिंग सरळ झालेलं नसेल तर गाडी दुसऱ्या बाजूला फेकणार. दोन दिवसांपूर्वीची माझी नवी चूक त्यांनी अशी वर्तुळावर आखूनच ठेवली होती. हाताने जोर लावू नका, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढची चाकं आपणहून सरळ व्हायला बघतात. त्यांना बोटांतून जाऊ द्या, आणि नजर कोरड्याच्या पलीकडे ठेवा.

पहिल्या तीन फेऱ्यांत मी तीनदा फेकले गेले. चौथ्या फेरीला मी हात उघडे ठेवले. ओल्यावर शेपूट सुटलं, स्टिअरिंग माझ्या बोटांतून उलटं गेलं, पाय जागेवर, गाडी तिरकी, आणि समोर कोरड्याची रेघ यायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही. पलीकडे बघितलं, जिथे मला जायचं होतं. पकड आली, स्टिअरिंग सुर्रकन सरळ झालं, मी फक्त त्याला अडवलं नाही. गाडीने एकदा मान हलवली आणि कोरड्यावर वर्तुळ धरून पुढे निघाली.

मी थांबले नाही. पुन्हा ओलं, पुन्हा सुटणं, पुन्हा पकड. पाच फेऱ्या, सहा, सात. भीती होती, काकू म्हणाल्या तशीच. ती शेजारी बसली होती आणि मी चालवत होते. आठव्या फेरीला मला गाणं म्हणावंसं वाटायला लागलं. एवढा आनंद मला गाडीत कधीच झाला नव्हता, अपघाताच्या आधीही नाही, कारण तेव्हा पकड संपण्याच्या जागी गाडी काय करते ते मला नीट माहीतच नव्हतं. मी तिथून घाईघाईने जायचे आणि वाचले म्हणून खूष व्हायचे. आता मी तिथे राहायला गेले होते. दहाव्या फेरीला ताकद थोडी वाढवून मी अख्खं ओलं अर्धवर्तुळ शेपूट बाहेर ठेवून पार केलं. बायका उभ्या राहिल्या होत्या. सेल्वीचा आवाज इंजिनावरून ऐकू आला.

मी गाडी खळ्याच्या मधोमध थांबवली. हात दाराकडे नेला नाही. खळ्यावर मी त्यांना पंधरा-वीस तरी वाक्यं दिली असतील, आणि प्रत्येकात त्यांनी काहीतरी खोडलं होतं. कधी शब्द, कधी क्रम, कधी अख्खं वाक्य. राघवेंद्रराव समोर बघत वाट बघत होते. गुडघ्यावर वही, हातात पेन्सिल.

मी घाई केली नाही. मग मी म्हणाले, पुढची चाकं सांगून सुटतात, मागची न सांगता; घाबरून पाय काढला तर ही गाडी क्षमा करत नाही, आणि पाय जागेवर राहिला तर ती स्वतः परत येते, आपण फक्त तिच्या वाटेत यायचं नाही.

वहीत त्यांनी तमिळ अक्षरांत ते वाक्य सावकाश उतरवून घेतलं आणि पुन्हा एकदा वाचलं. पेन्सिल कुठेच थांबली नाही. वही मिटून त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा," ते म्हणाले. "हें छापा."